गेट उघडलं, पुढे काय? निर्दोष सुटलेल्या माणसाचं आयुष्य, सोप्या भाषेत

२६ सप्टेंबर २०२४ ला जपानमधल्या शिझुओका जिल्हा कोर्टाने इवाओ हाकामादा यांना निर्दोष ठरवलं. वय ८८. अटक झाली १९६६ साली, तेव्हा वय होतं ३०. चार जणांच्या खुनाचा आरोप, १९६८ मध्ये फाशीची शिक्षा, आणि मग चाळीसहून जास्त वर्षं फाशीच्या कैद्यांच्या कोठडीत. जपानमध्ये फाशी द्यायची असेल तर कैद्याला त्याच दिवशी सकाळी सांगतात, म्हणजे इतकी वर्षं रोज सकाळी बाहेर बुटांचा आवाज आला की आज आपला नंबर का, हा प्रश्न. निकालाच्या दिवशी हाकामादा कोर्टात आलेच नव्हते, कारण मन इतकं विस्कटलं होतं की कोर्टानेच त्यांना हजर राहण्यातून सूट दिली होती. त्यांच्या जागी त्यांची ९१ वर्षांची बहीण हिदेको होती.

बातमी सगळीकडे आली. लोकांनी वाचली, "चला, उशिरा का होईना न्याय मिळाला" म्हणाले आणि पुढे गेले. मला मात्र तिथून पुढे जाताच येईना. न्याय मिळाला म्हणजे नक्की काय मिळालं? तीस वर्षांचा माणूस आत गेला, म्हातारा होऊन बाहेर आला, आता तो कुठे जाणार, काय करणार, कोणाला ओळखणार? आपण निकालापर्यंत केस फॉलो करतो आणि मग सोडून देतो, पण त्या माणसाचा खरा प्रश्न तिथून सुरू होतो. म्हणून हा लेख.

आधी दोन-तीन शब्द नीट करून घेऊ

जेलमध्ये दोन शब्द सर्रास वापरतात, कच्चा कैदी आणि पक्का कैदी. कच्चा म्हणजे केस अजून चालू आहे, निकाल लागलेला नाही. पक्का म्हणजे कोर्टाने दोषी ठरवून शिक्षा दिलेली. अन्याय दोघांवरही होऊ शकतो. कच्चा कैदी आठ-दहा वर्षं आत राहून निर्दोष सुटतो तेव्हा कागदावर त्याला "शिक्षा" कधी झालेलीच नसते, पण वर्षं तर गेलेलीच असतात.

या लेखात मी मुख्यतः पक्क्याबद्दल बोलतोय, म्हणजे ज्याला कोर्टाने चुकून दोषी ठरवलं आणि नंतर तो निकाल रद्द झाला. कायद्याच्या भाषेत निर्दोष मुक्तता. हा शब्द ऐकताना वाटतं की आता सगळं पुसलं गेलं. तसं होत नाही, का ते पुढे येईलच.

चूक होते तरी कशी?

आपल्याला वाटतं की निरपराध माणूस आत जायचा तर कोणीतरी ठरवून कट केलेला असणार. कधी कधी असतोही. पण बऱ्याच केसेसमध्ये कोणी खलनायक नसतो, साध्या माणसांच्या साध्या चुका एकावर एक चढत जातात. शर्टचं पहिलं बटण चुकीच्या काजात गेलं की पुढची सगळी नीट लावूनसुद्धा शर्ट वाकडाच बसतो, तसं. तपासात पहिलं बटण म्हणजे "हाच तो" हा पहिला संशय. एकदा तो पक्का बसला की पुढे त्याच्याविरुद्धची प्रत्येक गोष्ट पुरावा वाटते आणि त्याच्या बाजूची प्रत्येक गोष्ट बनाव वाटते.

साक्षीदाराचंच घ्या. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या बर्लिंग्टनमध्ये १९८४ साली एका २२ वर्षांच्या कॉलेजमधल्या मुलीवर घरात घुसून बलात्कार झाला. त्या भयंकर अवस्थेतही तिने ठरवून त्या माणसाचा चेहरा निरखून ठेवला, की मी जगले तर याला ओळखणार. पोलिसांनी फोटो दाखवले, तिने रोनाल्ड कॉटनचा फोटो निवडला. मग ओळखपरेडमध्ये पुन्हा कॉटनलाच ओळखलं. पण फोटोंमध्ये आणि परेडमध्ये, दोन्हीकडे असलेला तो एकटाच माणूस होता! म्हणजे परेडमध्ये तिला जो चेहरा ओळखीचा वाटला तो हल्ल्याच्या रात्रीचा होता की आधी पाहिलेल्या फोटोतला, हे तिलाही कळायला मार्ग नव्हता. १९८७ च्या दुसऱ्या खटल्यात खरा गुन्हेगार तिच्यासमोर आणला गेला, तिने त्याला ओळखलं नाही. १९९५ मध्ये डीएनए टेस्टने कॉटन सुटला, दहा वर्षांहून जास्त काळ आत काढून.

ती मुलगी खोटं बोलत नव्हती, हे फार महत्त्वाचं आहे. आठवण म्हणजे मोबाईलमधल्या नोटसारखी असते, उघडली, एखादा शब्द इकडचा तिकडे झाला आणि बंद करताना आपोआप सेव्ह झाली, आधीची आता कुठेच नाही. प्रत्येक वेळी आठवताना आपण ती थोडी बदलून परत ठेवतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. वर कोणी "शाब्बास, बरोबर ओळखलंस" म्हणालं की खात्री आणखी पक्की. कोर्टात मग तीच खात्री दिसते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, एवढ्या ठामपणे सांगतेय म्हणजे खरंच असणार.

अमेरिकेतल्या इनोसन्स प्रोजेक्ट या संस्थेने १९८९ ते २०२० मधल्या डीएनएमुळे सुटलेल्या ३७५ जणांच्या केसेस पाहिल्या, त्यात जवळपास ६९ टक्के केसेसमध्ये साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखलेला होता. आणि चूक माणसाचीच होते असंही नाही. ब्रिटनमध्ये पोस्ट ऑफिसच्या होरायझन नावाच्या सॉफ्टवेअरने हिशोबात खोटे तोटे दाखवले आणि त्यावर विश्वास ठेवून ९०० हून जास्त पोस्टमास्तरांना चोर, अफरातफर करणारे ठरवलं गेलं. कॉम्प्युटर म्हणतोय म्हणजे बरोबरच. शेवटी २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या.

"मी केलं नसेल तर मी कधीच कबूल करणार नाही"

हे आपण सगळेच म्हणतो, मीही म्हणायचो. पण डीएनएचा गुन्ह्याच्या तपासात जगात पहिल्यांदा वापर झाला ती केसच बघा. इंग्लंडमधला लेस्टरशर भाग, १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून. एका १७ वर्षांच्या मुलाने त्यातल्या एका खुनाची कबुली दिली होती. ॲलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञांनी नवीन टेस्ट करून बघितली तर दोन्ही खून एकाच माणसाने केलेले आणि तो हा मुलगा नाहीच. म्हणजे डीएनएने पहिलं काम काय केलं तर निरपराधाला सोडवलं, गुन्हेगार नंतर सापडला.

माणूस न केलेलं कबूल का करतो? झोप नाही, तासन् तास तेच प्रश्न, आणि समोरचा म्हणतोय सही कर म्हणजे हे थांबेल. अशा वेळी डोक्यात पुढच्या वीस वर्षांचा हिशोब नसतो, पुढचा एक तास कसा सुटेल एवढंच असतं. त्यात पोटात एक भाबडा विश्वास की मी केलेलंच नाही तर कोर्टात कळेलच की. हाकामादांची चौकशी वीसेक दिवस, रोज सरासरी बारा तास चालली होती. त्यांनी कबुली दिली, कोर्टात मागे घेतली, उपयोग झाला नाही.

आपल्याकडे पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, ही सोय १८७२ च्या पुरावा कायद्यातही होती आणि ती याच भीतीपोटी आहे. काही विशेष कायद्यांमध्ये, जसं मोक्का, वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरचा जबाब चालतो, आणि वाद नेमके तिथेच होतात.

अपील असतं ना? मग चूक लगेच का सापडत नाही?

अपील म्हणजे परीक्षेच्या पेपरचं री-चेकिंग समजा. बेरीज चुकली का, एखादा प्रश्न तपासायचा राहिला का ते बघतात. परीक्षा परत घेत नाहीत. वरचं कोर्ट साधारण तेच कागद, तेच जबाब, तेच पंचनामे वाचतं. मूळ कागदातच चूक "पुरावा" म्हणून नीट टाईप होऊन बसली असेल तर वर बसलेल्याला ती पुरावाच दिसते.

आपल्या महाराष्ट्रातली एक केस आहे, ती वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. २००३ मध्ये एका कुटुंबावर हल्ला, पाच खून, बलात्कार. भटक्या जमातीतले, मजुरी करून जगणारे सहा जण पकडले गेले. नाशिकच्या कोर्टाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. हायकोर्टाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत सहाही जणांना फाशी. आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. काय निघालं, तर वाचलेल्या साक्षीदार बाईने सुरुवातीलाच पोलिसांच्या फोटोंमधून वेगळेच चार जण ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. हा कागद फाईलमध्ये होता. तीन कोर्टांमधून गेलेली फाईल! सोळा वर्षं. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

आणखी एक गोष्ट जी मला आधी अजिबात माहीत नव्हती. आतमध्ये "मी केलं नाही" असं म्हणत राहणं महागात पडतं. ब्रिटनमध्ये अँड्र्यू मॅल्किन्सन यांना २००४ मध्ये बलात्काराच्या केसमध्ये जन्मठेप झाली, त्यात किमान सातेक वर्षं काढली की सुटकेचा विचार होणार होता. पण सुटकेसाठी पश्चात्ताप दिसावा लागतो आणि न केलेल्या गुन्ह्याचा पश्चात्ताप आणायचा कुठून? ते "मी केलं नाही"वर ठाम राहिले आणि १७ वर्षं आत राहिले. दुसऱ्या कोणाचा तरी डीएनए आहे हे २००७ लाच कळलं होतं, शिक्षा रद्द झाली २०२३ मध्ये. त्यांनी खोटं बोलून "हो, केलं, चुकलो" म्हटलं असतं तर बहुतेक दहा वर्षं आधी बाहेर आले असते.

"पण शेवटी सुटलाच ना, म्हणजे सिस्टीम काम करते"

सुटलेल्यांच्या कथा नीट वाचल्या तर प्रत्येकात एक नशिबाचा भाग दिसतो. एखादा कपडा कुणीतरी गोदामात जपून ठेवला होता म्हणून डीएनए करता आला. एखादी बहीण पन्नास वर्षं हटली नाही. हाकामादांच्या केसमध्ये मुख्य पुरावा होता मिसो नावाच्या आंबवलेल्या सोयाबीनच्या टाकीत, खुनानंतर १४ महिन्यांनी सापडलेले रक्ताचे डाग असलेले कपडे. डाग लालसर होते. बचाव पक्षाने प्रयोग करून दाखवलं की इतके महिने मिसोत राहिल्यावर रक्ताचा लाल रंग टिकतच नाही, काळपट होतो. २०२४ च्या निकालात कोर्टाने स्पष्ट म्हटलं की हा पुरावा तपास यंत्रणेने तयार केलेला होता. आणि मूळ निकाल देणाऱ्या तीन न्यायाधीशांपैकी एक, नोरिमिची कुमामोतो, यांनी २००७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की मला तेव्हाही हा माणूस निर्दोष वाटत होता, पण बाकी दोघांपुढे माझं चाललं नाही.

ज्यांच्या केसमध्ये डाग नव्हते, बहीण नव्हती, वकिलाला पैसे नव्हते, त्यांचं काय? अमेरिकेत २०१४ मध्ये एक अभ्यास झाला, त्यात अंदाज काढला की फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी किमान ४ टक्के निर्दोष असावेत. प्रत्यक्षात सुटलेल्यांचं प्रमाण त्याहून बरंच कमी आहे. म्हणजे बाकीचे आतच राहिले, किंवा गेले.

"पुराव्याअभावी सुटला म्हणजे केलेलंच असणार"

कट्ट्यावरचं सगळ्यात आवडतं वाक्य. कुठेतरी पाणी मुरत असणारच, पोलीस काय वेडे आहेत का. यात एक कायद्याचा मुद्दा समजून घ्यायला हवा. कोर्टाचं काम "हा माणूस निष्पाप आहे" असं सर्टिफिकेट देण्याचं नसतंच. कोर्टापुढे एकच प्रश्न असतो, सरकारने आरोप शंकेला जागा न ठेवता सिद्ध केला का? नाही केला तर तो निर्दोष. कारण आपण सगळेच सिद्ध होईपर्यंत निर्दोष असतो, मी पण, तुम्ही पण. तुम्ही काल रात्री दहा वाजता घरी एकटे होतात हे तुम्ही सिद्ध करू शकता का? बहुतेक नाही. म्हणून ओझं आरोप करणाऱ्यावर असतं.

काही सुटलेल्यांनी गुन्हा केलेला असेलही, मान्य. पण "संशयाचा फायदा" हे निकालातले दोन शब्द खऱ्या निर्दोष माणसाच्याही गळ्यात आयुष्यभर अडकून राहतात, कारण निकालपत्रात दोघांसाठी वेगळी भाषाच नाही. ब्रिटनने तर २०१४ पासून नियमच केला की भरपाई हवी असेल तर मी गुन्हा केला नाही हे तूच शंकेला जागा न ठेवता सिद्ध कर. म्हणजे ओझं उलटं त्याच्याच डोक्यावर.

गेटच्या बाहेरचा पहिला दिवस

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

खरा गुन्हेगार शिक्षा पूर्ण करून सुटतो तेव्हा त्याला तारीख आधी माहीत असते. मधे पॅरोल, फर्लोवर घरी जाऊन आलेला असतो, घरच्यांनी सोय केलेली असते, काही देशांत तर सरकारचा माणूस त्याला काम, खोली, डॉक्टर शोधून देतो. निर्दोष माणसाचा निकाल कधीही लागतो. सकाळी तो कैदी असतो, ऑर्डर पोचली की काही तासांत हातात पिशवी घेऊन रस्त्यावर. आणि सुटलेल्या कैद्यांसाठीच्या ज्या योजना असतात त्या बहुतेक "शिक्षा भोगून आलेल्या" माणसासाठी असतात, हा त्यात बसतच नाही, कारण कागदोपत्री याने गुन्हा केलेलाच नाही! अमेरिकेत सुटलेल्या लोकांनी ही तक्रार वर्षानुवर्षं केली आहे, की आम्ही दोषी असतो तर जास्त मदत मिळाली असती.

मग रोजच्या गोष्टी सुरू होतात. दारासमोर माणूस उभा राहतो आणि नुसता उभाच राहतो, कारण इतकी वर्षं दार दुसरं कोणीतरी उघडायचं. दुकानात गेला तर साबणाचे चाळीस प्रकार बघून घाम फुटतो, कारण आत काय खायचं, कधी झोपायचं, दिवा कधी बंद, यातलं काहीच त्याने ठरवलेलं नसतं. ठरवणं हा एक स्नायू आहे, वापरला नाही की सुकतो. रात्री अंधार आणि शांतता झाली की झोप उडते, कारण बराकीत कधी दिवा बंद नसायचा आणि कधी शांतता नसायची. मोबाईल, ओटीपी, बँकेचं खातं, ओळखपत्र यातलं एक मिळवायला दुसरं लागतं आणि दुसऱ्याला पहिलं.

हाकामादा २०१४ मध्ये बाहेर आले, खटला पुन्हा चालवायचा आदेश झाल्यावर, पण निर्दोष ठरायला पुढची दहा वर्षं लागली. बहिणीच्या घरी आल्यावर ते दिवसातले कितीतरी तास घरातल्या घरात येरझाऱ्या घालायचे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वळायचं, परत. घर मोठं होतं, दार उघडं होतं, तरी पाय कोठडीच्याच मापाने चालत होते. मला हे दृश्य निकालपत्रापेक्षा जास्त सांगून जातं.

घरच्यांचंही तसंच. तो आत गेला तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती, आता तिचं लग्न झालंय, ती "बाबा" म्हणते पण त्या शब्दात ओळख नसते. आई गेली तेव्हा आत होता, म्हणून रडायचं राहून गेलं आणि ते रडू आता येतं, सगळे विसरले तेव्हा. लोकांना वाटतं हा सुटल्याचा आनंद का करत नाही, चिडचिड का करतो. केंब्रिजचे मानसोपचारतज्ज्ञ एड्रियन ग्राउंड्स यांनी चुकीने शिक्षा झालेल्या १८ पुरुषांना तपासून २००४ मध्ये लिहिलं की त्यांच्यातल्या बहुतेकांमध्ये स्वभावच कायमचा बदलल्याची लक्षणं होती, युद्धातून परतलेल्या सैनिकांमध्ये दिसतात तशी. अनेकांना आघातानंतरचा मानसिक आजारही होता, म्हणजे धोका संपलेला असतो पण शरीराला ते कळलेलं नसतं, ते अजून पहाऱ्यावरच असतं.

आणि नोकरी. पंधरा वर्षांचा गॅप. मुलाखतीत विचारतात, एवढी वर्षं काय करत होतात? खरं सांगितलं तर समोरचा खुर्ची मागे सरकवतो. नाव सर्च केलं की अटकेच्या बातम्या पानभर, सुटकेची एक ओळ कुठेतरी खाली.

"पण भरपाई मिळते ना?"

मिळते, काही ठिकाणी, काहींना. आंतरराष्ट्रीय करारात तर लिहिलेलंच आहे, नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारातलं कलम १४(६), की चुकीने शिक्षा झालेल्याला कायद्याप्रमाणे भरपाई मिळावी. भारत १९७९ पासून या करारात आहे.

जपानने हाकामादांना दिवसाला १२,५०० येन या दराने जवळपास २१ कोटी ७० लाख येन दिले, २०२५ मध्ये. अमेरिकेत केंद्राचा कायदा वर्षाला ५० हजार डॉलर देतो, फाशीच्या कोठडीतल्या वर्षाला एक लाख. टेक्सासमध्ये वर्षाला ८० हजार, शिवाय आरोग्य विमा आणि शिक्षणाची फी. टेक्सासच्या या कायद्याला टिमोथी कोल यांचं नाव दिलंय, ते १९९९ मध्ये जेलमध्येच दम्याचा झटका येऊन गेले आणि निर्दोष ठरले २००९ मध्ये. ब्रिटनमध्ये २०२३ पर्यंत एक नियम होता जो वाचून मला खरंच राग आला: भरपाईतून जेलमध्ये राहण्या-जेवण्याचा वाचलेला खर्च कापून घेऊ शकायचे. मॅल्किन्सन यांच्या केसनंतर ओरड झाली तेव्हा तो काढला.

आपल्याकडे? हक्काने मागता येईल असा वेगळा कायदाच नाही. विनाकारण अटक करवल्याबद्दल भरपाईचं एक कलम फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं, कमाल मर्यादा १,००० रुपये. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, मर्यादा तीच राहिली, १,००० रुपये. बाकी मग हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्टात जायचं आणि त्यांनी द्यावं. १९८३ च्या रुदुल साह केसमध्ये, बिहारमध्ये १९६८ लाच निर्दोष सुटलेला माणूस १९८२ पर्यंत आतच ठेवला गेला होता, सुप्रीम कोर्टाने आधीच्या ५ हजारांवर ३० हजार द्यायला लावले. तिथून घटनेच्या कलम २१ खाली भरपाई द्यायचा रस्ता उघडला. नाशिकच्या त्या सहा जणांना ५ लाख प्रत्येकी मिळाले. पण हे सगळं त्या त्या खंडपीठाला वाटलं म्हणून. ज्याच्याकडे परत कोर्टात जायची ताकद आणि वकील नाही, आणि बहुतेकांकडे नसतो, त्याला शून्य.

२०१८ मध्ये विधी आयोगाने २७७ वा अहवाल याच विषयावर दिला. त्यात म्हटलंय की असे दावे ऐकायला जिल्ह्यात विशेष कोर्ट असावं, वेळेत निकाल लागावा, आणि फक्त पैसे नाही तर समुपदेशन, मानसिक आरोग्याची मदत, कामाचं प्रशिक्षण पण मिळावं, खटल्यामुळे नोकरी-शिक्षणात लागलेले अडथळे काढावेत. चांगला अहवाल आहे, कायदा झाला नाही.

पैशाने सगळं भरून निघत नाही हे खरंय, पण म्हणून पैसे नकोत असं म्हणणाऱ्याने एक विचार करावा, की पंचेचाळिशीत शून्य बचत, शून्य पेन्शन, शून्य अनुभव घेऊन बाहेर आलेल्या माणसाने घरभाडं कशातून द्यायचं. जपानमध्ये १९८३ मध्ये फाशीच्या कोठडीतून निर्दोष सुटलेले साकाए मेंदा ३४ वर्षं आत होते, तर त्यांना म्हातारपणी पेन्शन नाही, कारण आत असताना हप्ते भरले नव्हते! शेवटी अशा लोकांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

"आणि ज्यांच्यावर गुन्हा झाला त्यांचं काय?"

हा प्रश्न योग्य आहे आणि तो रागाने विचारला जातो तेही मला समजतं. ज्यांचं माणूस गेलं त्यांना कोर्ट वीस वर्षांनी सांगतं की हा तो नव्हताच, म्हणजे त्यांच्या जखमेची खपली परत काढली. पण चुकीचा माणूस आत होता याचा सरळ अर्थ खरा माणूस बाहेर होता. निर्दोषाच्या बाजूने बोलणं म्हणजे पीडिताच्या विरोधात बोलणं नाही, दोघांनाही एकाच तपासाने फसवलेलं असतं. बर्लिंग्टनच्या त्या तरुणीने नंतर कॉटनला भेटून माफी मागितली, त्याने माफ केलं, आणि दोघं मिळून ओळखपरेडच्या पद्धती बदलाव्यात म्हणून ठिकठिकाणी बोलायला लागले. त्यातून बरेच नियम बदललेही, जसं की परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला संशयित कोण हे माहीतच नसावं, म्हणजे त्याच्याकडून नकळत इशारा जाणार नाही.

परत उभं राहायला काय लागतं

पहिले काही आठवडे फार साध्या गोष्टी लागतात: राहायला जागा, कागदपत्रं करून द्यायला सोबत येणारं कोणीतरी, दात आणि डोळे तपासणारा डॉक्टर (आत या दोन गोष्टींचे फार हाल होतात), आणि बऱ्याच काळासाठी मानसोपचार. निकालासोबत तात्पुरती रक्कम लगेच हातात पडायला हवी, मोठा दावा नंतर चालू दे. पोलीस रेकॉर्डवरून नाव काढण्याचं काम सरकारने स्वतःहून करावं, त्याने अर्ज घेऊन फिरू नये. आणि ज्या जोरात अटकेची बातमी दिली त्या जोरात सुटकेची द्यावी, एवढं तर कायद्याशिवायही करता येईल.

ओळखीत असं कोणी सुटून आलं तर "आत कसं होतं" हा प्रश्न पहिला विचारू नका, सांगावंसं वाटलं की सांगेल. छोटे निर्णय त्याच्यावर सोडा, कुठे बसायचं, खिडकी उघडी की बंद, पण एका वेळी एकच. गर्दीच्या सत्काराला नेऊ नका. मधेच उठून गेला तर मागे जाऊ नका. सुटल्याबद्दल कोणाचे तरी आभार मानावेत अशी अपेक्षा ठेवू नका.

हिदेकोने बहुतेक हेच केलं. भाऊ घरात चालत राहिला तर चालू दिलं, मनातल्या कल्पना बोलत राहिला तर वाद घातला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारी पक्षाने अपील न करण्याचं ठरवलं, निकाल कायम झाला, आणि शिझुओकाच्या पोलीस प्रमुखांनी घरी येऊन वाकून माफी मागितली. हाकामादांचे दिवस मात्र आधीसारखेच चालू राहिले. त्यांच्यासाठी इतकी वर्षं लढलेल्या लोकांपैकी कोणीतरी येतं, त्यांना गाडीत बसवतं आणि हामामात्सु शहरात एक चक्कर मारून परत घरी आणून सोडतं.